फ्री रॅडिकल, अँटिऑक्सिडंट आणि आपली गोळ्यांची डबी

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, अंकासाठी थोडं आवरून.)



कार्यकारिणीनं मला विषय दिला तो असा : "अँटिऑक्सिडंट – वरदान की फसवणूक?" असा मथळा लावला की हॉल भरतो, हे त्यांचं गणित बरोबर निघालं म्हणायचं! पण मी आधीच सांगून टाकते, अँटिऑक्सिडंट ही अगदी खरी गोष्ट आहे. माझी सगळी नोकरी त्यांच्यावर चालली. रबर आणि प्लॅस्टिक लवकर म्हातारं होऊ नये म्हणून त्यात काय मिसळायचं, किती मिसळायचं, हेच माझं काम होतं. प्रश्न एवढाच आहे, की रबराला जे लागू पडतं ते माणसाला लागू पडतं का? आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या सकाळच्या गोळ्यांच्या डबीत या प्रश्नाचं उत्तर गृहीत धरलेलं आहे. ते तपासून पाहू या.

आधी शब्दांचं बघू. मराठी विज्ञानलेखनात 'पॉलिमर'ला बहुवारिक म्हणतात आणि 'फ्री रॅडिकल'ला मुक्त मूलक. शब्द चांगले आहेत, पण इथे आपल्या तोंडी ते बसलेले नाहीत, म्हणून मी इंग्रजीच वापरणार आहे. भाषाप्रेमींनी क्षमा करावी.

पॉलिमर म्हणजे माळ. एकसारखे छोटे रेणू मण्यांसारखे ओवत गेलं की पॉलिमर तयार होतो. प्लॅस्टिकची पिशवी ही अशा माळांची, टायरमधलं रबर अशा माळांचं. आणि आपण स्वतःसुद्धा! प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. डीएनए ही माळ. हाडांना आणि त्वचेला धरून ठेवणारं कोलॅजन ही माळ. गुडघ्यातलं वंगण, त्याचं नाव हायलुरॉनिक आम्ल, ती साखरेच्या मण्यांची भलीमोठी माळ.

माळेचा एक स्वभाव लक्षात ठेवा, कारण आजचं सगळं व्याख्यान त्यावर उभं आहे. हजार मण्यांची माळ मधोमध एका ठिकाणी तुटली, तर मण्यांच्या हिशेबानं नुकसान हजारात एक. पण माळ म्हणून बघाल तर तिची लांबी निम्म्यावर आली. रबराचं तसंच होतं. वजनाच्या एखाद्या टक्क्याइतका ऑक्सिजन त्यात शिरला, की चांगलं ताणलं जाणारं रबर चिकट तरी होतं किंवा ठिसूळ तरी. जुन्या रबरबँडचा कपाटात काय लगदा होतो ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मोठ्या रेणूंना थोडं नुकसानही फार महागात पडतं.

शिवाशिवीचा खेळ

आता ही माळ तोडतं कोण?

रेणूंमधले इलेक्ट्रॉन सहसा जोडीजोडीनं राहतात. एखाद्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन एकटा पडला, की तो रेणू अस्वस्थ होतो आणि शेजाऱ्याकडून इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन ओढून घेतो. हा झाला फ्री रॅडिकल. १९०० साली मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग यांनी असा पहिला सेंद्रिय फ्री रॅडिकल दाखवून दिला. तोपर्यंत कार्बनचे असे रेणू असूच शकत नाहीत अशी बहुतेकांची समजूत होती.

गंमत पुढेच आहे. ज्या शेजाऱ्याकडून ओढून घेतलं, तो आता अस्वस्थ होतो. तो त्याच्या शेजाऱ्याकडून ओढतो. आपण लहानपणी शिवाशिवी खेळायचो ना? ज्याच्यावर राज्य, तो पळत सुटतो. ज्याला शिवला, त्याच्यावर राज्य. मग तो पळतो. फ्री रॅडिकलचं अगदी तसंच. राज्य हस्तांतरित होतं, पण संपत नाही. एका सुरुवातीतून शेकडो रेणू बिघडू शकतात. राज्य असलेले दोघे एकमेकांवर आपटले, तरच खेळ थांबतो.

हा खेळ तुम्ही नाकानं अनुभवलेला आहे. दिवाळीचा चिवडा फेब्रुवारीत उघडला की जो खवट वास येतो, तो या शिवाशिवीचा परिणाम. तेलातले जे रेणू अधिक असंतृप्त, ते शिवायला सोपे. करडईचं तेल म्हणून लवकर खवटतं, जवसाचं त्याहून लवकर. जवसाच्या तेलात तर हा खेळ इतका रंगतो, की रेणू एकमेकांत गुंतून तेलाचा घट्ट पापुद्रा बनतो. जुने लाकडी दरवाजे जवसाच्या तेलानं रंगवायचे ते याच गुणामुळे. चित्रकारांचे तैलरंग वाळतात तेही असेच. ऊन आणि हवा या खेळाला जोर आणतात, आणि तांबं नि लोखंड तर चिथावणी देतात. म्हणून फराळाचा डबा घट्ट झाकणाचा, अंधारात आणि शक्यतो काठोकाठ भरलेला असावा.

खेळ थांबवायचा कसा? अशी कल्पना करा, की अंगणात शिवाशिवी चालली आहे आणि ओसरीवर आजी बसली आहे. कुणीतरी पळतापळता आजीला शिवतो. आजी म्हणते, "बरं बाबा, आलं माझ्यावर राज्य," आणि जागेवरून हलतच नाही. झालं! खेळ संपला. अँटिऑक्सिडंट म्हणजे ही आजी. तो स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतो, राज्य स्वतःवर घेतो, आणि त्याची रचनाच अशी असते की एकटा इलेक्ट्रॉन त्याच्या अंगावर शांत बसून राहतो.

तिळाच्या तेलात सेसामॉल नावाची आजी असते, म्हणून ते तेल टिकतं. आपल्याकडे तूप कढवताना विड्याचं पान टाकतात. त्या पानातही याच फेनॉल जातीची रसायनं असतात. पाकिटावर बीएचए, बीएचटी, टीबीएचक्यू अशी अक्षरं वाचता, त्या कारखान्यात बनवलेल्या आज्या. आणि व्हिटॅमिन ई, जे बर्कलीला हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी १९२२ मध्ये शोधून काढलं, ती शेंगदाणे, बदाम, गव्हाचे अंकुर यांत निसर्गानं बसवलेली आजी.

अंगणातून अंगात

शरीरात हा खेळ कुठून सुरू होतो? आपण श्वासातून जो ऑक्सिजन घेतो त्याचं बहुतांश सुरळीत पाणी होतं. थोडासा भाग अर्धवट अवस्थेत निसटतो आणि त्यातून सुपरऑक्साइड नावाचा रॅडिकल बनतो. सिगरेटचा धूर, क्ष-किरण, उन्हातले अतिनील किरण यांतून आणखी बनतात. रेबेका गर्शमन या अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांबरोबर १९५४ मध्येच मांडलं होतं, की जादा ऑक्सिजनचं विष आणि क्ष-किरणांचं विष ही मुळात एकाच जातीची आहेत. दोन्हींचा मार्ग फ्री रॅडिकलमधून जातो.

मग माळांचं काय होतं? सांध्याचं उदाहरण घेऊ, कारण या वयात सगळ्यांना सांध्याबद्दल आस्था असते. सांध्यातलं पाणी अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं दाट असतं, ते हायलुरॉनिक आम्लाच्या लांबलचक माळांमुळे. १९७४ साली जो मॅकॉर्ड यांनी असं दाखवलं, की परीक्षानळीत या द्रवाजवळ सुपरऑक्साइड तयार केलं तर माळा तुटतात आणि द्रव पातळ होतो. सुपरऑक्साइडला निकामी करणारं एन्झाइम त्यात घातलं, तर माळा वाचतात. सुजलेल्या सांध्यात पांढऱ्या पेशी गोळा होऊन सुपरऑक्साइड सोडतात, म्हणजे हा नुसता नळीतला खेळ नव्हता.

ते एन्झाइम म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेज. त्याची कथा मजेशीर आहे. तांबं असलेलं एक प्रथिन बैलाच्या रक्तातून १९३८ मध्येच वेगळं केलेलं होतं. ते करतं काय, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये त्याचं काम ओळखलं. निसर्गानं फक्त सुपरऑक्साइड आवरण्यासाठी एक स्वतंत्र कामगार नेमलेला आहे, म्हणजे धोका खरा आहे, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

दुसरा कामगार कॅटॅलेज. इथल्या प्रत्येक बाथरूममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडची तपकिरी बाटली असते. खरचटलेल्या जागी ते लावलं की फेस येतो ना? तो फेस म्हणजे तुमचं कॅटॅलेज कामाला लागलेलं दिसतं. पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करायचं, आणि तेही एका रेणूनं सेकंदाला लाखोंच्या हिशेबानं. तिसरा ग्लुटाथायोन आणि त्याच्याबरोबरचे एन्झाइम.

एवढी घाई का? कारण पेरॉक्साइडला सुटं लोखंड भेटलं तर हायड्रॉक्सिल नावाचा रॅडिकल तयार होतो, आणि तो सगळ्यांत द्वाड. त्याचं आयुष्य सेकंदाच्या एक अब्जांश भागाएवढं. तेवढ्यात तो जे शेजारी दिसेल त्याला शिवतो, मग ते प्रथिन असो, साखर असो नाहीतर डीएनए. त्याला गाठायला कुठलीच आजी वेळेवर पोचत नाही. म्हणून शरीर त्याच्या मागे धावतच नाही, तो जन्मूच नये याची व्यवस्था करतं. पेरॉक्साइड झटपट संपवायचं आणि लोखंड कुलपात ठेवायचं. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन ही प्रथिनं लोखंडाला जवळजवळ कल्हईच करून ठेवतात म्हणा!

इतकं करूनही काही माळा तुटतातच. मग दुरुस्ती. डीएनएमधलं बिघडलेलं अक्षर कापून काढून तिथे नवं बसवणारी यंत्रणा प्रत्येक पेशीत आहे. तिचा शोध लावल्याबद्दल टोमास लिंडाल यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. प्रथिनं बिघडली तर मोडीत काढून नवी करतात. अपवाद डोळ्यातल्या भिंगाचा. त्याच्या गाभ्यातली प्रथिनं आपण जन्माला यायच्या आधीची असतात आणि ती आयुष्यात पुन्हा बदलली जात नाहीत. सत्तर वर्षं तोच माल! म्हणून भिंगात शरीरानं व्हिटॅमिन सी आणि ग्लुटाथायोन भरपूर साठवलेलं असतं. ते कमी पडू लागलं, प्रथिनं बिघडून एकमेकांत गुंतली, की मोतीबिंदू.

आशा आणि चाचण्या

हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल, की मग बाहेरून भरपूर अँटिऑक्सिडंट घेतलं की झालं. तसं मोठमोठ्या माणसांनाही वाटलं. डेनम हार्मन हे आधी शेल कंपनीत रसायनतज्ज्ञ होते, मग डॉक्टर झाले. त्यांनी १९५६ मध्ये मांडलं, की म्हातारपण म्हणजे फ्री रॅडिकलनी केलेलं साठत गेलेलं नुकसान. दोन नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांचं व्हिटॅमिन सी आणि सर्दीवरचं पुस्तक १९७० साली आलं आणि घराघरांत बाटल्या पोचल्या. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांना कॅन्सर आणि हृदयविकार कमी होतात, असंही पाहणीत दिसत होतं. भाजीत बीटा-कॅरोटीन असतं, म्हणून गुण बीटा-कॅरोटीनचा, असा निष्कर्ष काढला गेला.

मग चाचणी घ्यायची ठरली. फिनलंडमध्ये पन्नास ते एकोणसत्तर वयाचे २९,१३३ सिगरेट ओढणारे पुरुष निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कुणाला बीटा-कॅरोटीन, कुणाला व्हिटॅमिन ई, कुणाला दोन्ही आणि कुणाला खोटी गोळी. पाच ते आठ वर्षं. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी झाला नव्हता. तो १८ टक्क्यांनी जास्त होता. व्हिटॅमिन ईनं फुप्फुसाच्या कॅन्सरवर काहीच फरक पडला नव्हता.

योगायोग असेल, असं काही जण म्हणाले. पण अमेरिकेत तशीच चाचणी चालू होती, सिगरेट ओढणारे, पूर्वी ओढलेले आणि अॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले मिळून १८,३१४ लोकांवर. जानेवारी १९९६ मध्ये ती ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवावी लागली. बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त होते. जे लोक कॅन्सर टाळण्यासाठी रोज इमानदारीनं गोळी घेत होते, त्यांच्यापैकी काहींना त्या गोळीनंच कॅन्सरकडे ढकललं. हे आकडे मी आजही शांतपणे वाचू शकत नाही.

पुरुषांच्या प्रोस्टेटसाठी व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमची चाचणी ३५,५३३ जणांवर झाली. २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या, आणि २०११ मध्ये जाहीर झालं की व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त. मोतीबिंदूचंही पाहिलं गेलं, तेही आपल्या भारतात. मदुराईजवळच्या खेड्यांत सुमारे आठशे लोकांवर पाच वर्षं बीटा-कॅरोटीन, व्हिटॅमिन सी आणि व्हिटॅमिन ई यांची चाचणी झाली. २००६ मध्ये निकाल आला : मोतीबिंदू वाढण्याच्या वेगात काही फरक नाही.

आणि ती भाजीची पाहणी? ती खोटी नव्हती. फिनलंडच्या त्याच माणसांत, चाचणीच्या सुरुवातीला ज्यांच्या आहारात आणि रक्तात कॅरोटीन जास्त होतं, त्यांना कॅन्सर कमीच झाला. फायदा जेवणाचा आणि राहणीचा होता. कॅरोटीन ही फक्त त्याची खूण होती.

असं का?

आता मी माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देते. या हॉलमध्ये किती जणांचे गुडघे किंवा खुबे बदललेले आहेत? हात वर करा. पुष्कळ आहेत की! नव्या सांध्यात एक पांढरी प्लॅस्टिकची चकती असते, पॉलिएथिलीनची, अतिशय लांब माळांची. ती झिजू नये आणि निर्जंतुक व्हावी म्हणून तिच्यावर किरणं सोडतात. त्या किरणांनी प्लॅस्टिकमध्ये फ्री रॅडिकल अडकून राहतात, आणि हळूहळू ऑक्सिजन शिरून चकती ठिसूळ होऊ लागते. यावर उपाय म्हणून २००७ च्या सुमारास काही चकत्यांत चक्क व्हिटॅमिन ई मुरवायला सुरुवात झाली. प्लॅस्टिकमध्ये ते आपलं काम चोख करतं.

म्हणजे बघा, तेच व्हिटॅमिन ई गुडघ्याच्या प्लॅस्टिकमध्ये उपयोगी आणि त्याच माणसानं गिळलं तर निरुपयोगी, कधी अपायकारक! का? मला चार कारणं दिसतात.

पहिलं, जागा. प्लॅस्टिकमध्ये आजी नेमकी अंगणात बसलेली असते आणि तिथून हलत नाही. शरीरात व्हिटॅमिन ई फक्त पेशीच्या स्निग्ध आवरणात बसतं, हजार-दोन हजार रेणूंमागे एखादं, आणि तेवढं पुरतं. डीएनए दुसऱ्याच खोलीत. गोळी गिळली म्हणून ती हव्या त्या खोलीत जात नाही. कोट्यवधी वर्षांत शरीरानं कुठे किती ठेवायचं ते ठरवलेलं आहे. व्हिटॅमिन सीचंच बघा. दिवसाला दोनशे-चारशे मिलिग्रॅमच्या पुढे गेलात तर रक्तातली पातळी फारशी वाढत नाही. वरचं सगळं लघवीवाटे जातं. महागडी लघवी, दुसरं काय!

दुसरं, जोडीदार. राज्य घेतलेल्या आजीला कुणीतरी मोकळं करावं लागतं. व्हिटॅमिन ईला व्हिटॅमिन सी मोकळं करतं, सीला ग्लुटाथायोन आणि एन्झाइम. ही हातोहात चाललेली रांग आहे. त्यातला एकच माणूस दसपट केला तर रांग वेगानं चालत नाही.

तिसरं, परिस्थिती. सिगरेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसात ऑक्सिजनही भरपूर आणि धूरही. तिथे बीटा-कॅरोटीनचाच भंग होऊन घातक तुकडे तयार होतात, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे आजीच पदर खोचून पळायला लागली!

चौथं सगळ्यांत महत्त्वाचं. प्लॅस्टिकला फ्री रॅडिकलचा काही उपयोग नसतो, आपल्याला असतो. पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात त्या सुपरऑक्साइड बनवून. ज्या मुलांमध्ये जन्मतः ते बनत नाही त्यांना वारंवार गंभीर संसर्ग होतात. रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हाही एक फ्री रॅडिकल. त्याच्या कार्याच्या शोधाला १९९८ मध्ये नोबेल मिळालं. आणि व्यायाम! स्नायूंत व्यायामानं थोडे रॅडिकल बनतात, आणि तीच शरीराला सूचना असते की स्वतःचे एन्झाइम वाढव. जर्मनीत २००९ मध्ये तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. काहींना रोज एक हजार मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि सोबत व्हिटॅमिन ई दिलं. ज्यांनी गोळ्या घेतल्या त्यांच्यात इन्सुलिनचं काम सुधारण्याचा व्यायामाचा फायदा दिसलाच नाही. इथे मधुमेही किती आहेत, ते मी विचारत नाही!

मग करायचं काय?

सगळ्या गोळ्या फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी त्यांना जागा आहे. डोळ्याच्या पडद्याचा मॅक्युलर डीजनरेशन हा आजार मध्यम टप्प्यावर असेल, तर व्हिटॅमिन सी, ई आणि जस्त यांच्या ठरावीक मिश्रणानं तो पुढच्या टप्प्यावर जाण्याची शक्यता सुमारे पाव भागानं कमी होते, हे २००१ मध्ये दिसलं. त्या मिश्रणातही बीटा-कॅरोटीन होतं. २०१३ च्या चाचणीनंतर ते काढून ल्युटिन आणि झीॲक्सँथिन घालण्याचा सल्ला दिला गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ती गोळी जरूर घ्या, फक्त बाटलीवर बीटा-कॅरोटीन नाही ना ते वाचा, विशेषतः कधीकाळी सिगरेट ओढली असेल तर. तपासणीत एखाद्या व्हिटॅमिनची कमतरता निघाली तर तीही भरून काढायलाच हवी. पण निरोगी माणसानं कॅन्सर किंवा हृदयविकार टाळण्यासाठी बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई घेऊ नये, असं अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपायांवरच्या तज्ज्ञ समितीनं २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. घरात कुणाला कॅन्सर झाला की आपण सगळे प्रेमापोटी काहीतरी पाठवतो. कुणी भारतातून कसलीशी पावडर, कुणी इथून कॅप्सूल. रेडिएशनचा उपचार कॅन्सरच्या पेशी मारतो तो बराचसा हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करूनच. डॉक्टर मुद्दाम आग लावतात आणि आपण मागून पाणी ओततो, असं व्हायला नको. कॅनडात क्वेबेकमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांना रेडिएशनच्या काळात आणि त्यानंतर व्हिटॅमिन ई, काहींना बीटा-कॅरोटीनही, देऊन पाहिलं होतं. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना उपचाराचा त्रास कमी झाला. पण २००५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात, गोळ्या चालू असतानाच्या काळात नवा, दुसरा कॅन्सर उद्भवण्याचं प्रमाण खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. तेव्हा उपचार चालू असताना आजाऱ्याला काहीही द्यायच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर व्हिटॅमिन ईच्या मोठ्या डोसाबद्दलही विचारा, कारण रक्तस्राव वाढू शकतो. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा घरातल्या सगळ्या बाटल्या, आयुर्वेदिकसकट, एका पिशवीत घालून न्या. "नैसर्गिक आहे, त्यात काय सांगायचं" असं म्हणू नका.

शेवटी काही प्रश्न आले होते, त्यांची उत्तरं थोडक्यात.

"हळदीचं काय?" फोडणीत आणि दुधात जी चिमूटभर पडते ती खुशाल चालू द्या. पण हळदीचा अर्क मिरीच्या अर्काबरोबर कॅप्सूलमध्ये भरतात, तो मुद्दाम जास्त शोषला जावा म्हणून. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याची काही उदाहरणं नोंदली गेली आहेत. ती फोडणी राहत नाही, ते औषध होतं.

"डाळिंबाच्या रसाच्या बाटलीवर अँटिऑक्सिडंटचा मोठा आकडा लिहिलेला असतो, तो?" तो परीक्षानळीतला आकडा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं पदार्थांच्या अशा आकड्यांची यादी प्रसिद्ध केली होती. त्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लागत नाही आणि जाहिरातींत गैरवापर होतो, म्हणून २०१२ मध्ये ती काढून टाकली. डाळिंब मात्र खा, गोड लागतं म्हणून खा.

"मग आमच्या माळा सांभाळायच्या कशा?" सिगरेट नको. उन्हात टोपी आणि गॉगल. रोज चालणं, कारण तुमचे एन्झाइम वाढवणारी तीच एक खात्रीची युक्ती. ताटात भाजी, फळ, कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे किंवा बदाम. व्हिटॅमिन सीची दिवसाची गरज एका पेरूत भागते. आणि सीचं मोठं काम तर वेगळंच आहे. कोलॅजनची माळ घट्ट विणायला ते लागतं. ते मिळालं नाही म्हणून पूर्वी खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं.

भारतात आई-वडिलांना फोन कराल तेव्हा "जेवलात का?" एवढंच विचारू नका. "कुठल्या गोळ्या घेता, कुणी सांगितल्या?" हेही विचारा, आणि त्यांना एकेक बाटली फोनवर वाचून दाखवायला सांगा. थोडे रागावतील. रागावू द्या.

तुम्हा सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. फराळाचा डबा घट्ट लावा, पण फेब्रुवारीपर्यंत ठेवू नका. शेजारीपाजारी वाटून संपवा.